केशवराव सर गेल्याची बातमी

रेणुका सोनकांबळे हैदराबादेत राहून मराठीत बातम्या लिहायची. हे सांगितलं की लोक हमखास विचारायचे, "कोण वाचतं?" गौलीगुड्यातल्या साप्ताहिकात ती प्रूफं तपासायची तेव्हा या प्रश्नाला उत्तर होतं. वाचणारे दारात यायचे. अंक उशिरा निघाला तर भांडायचे. लग्नाच्या बातमीत नवरीच्या आईचं नाव चुकलं, तर नवरीची मामी थेट छापखान्यात येऊन उभी राहायची. मग पुढच्या अंकात चौकटीत 'दुरुस्ती' जायची आणि मामी गार व्हायची.

तिचे वडील दौलत नांदेडकडून रेल्वेच्या नोकरीवर आले आणि नामपल्लीचेच झाले. "आमची रेणुका पेपरात आहे," हे ते चहाच्या टपरीवरसुद्धा सांगत. पण घरोघरी केबल आली, मराठी पोरं इंग्रजी शाळेत गेली, वाचणारे म्हातारे होत गेले. मालकानं एक दिवस छपाईचं यंत्र विकलं. रेणुका वर्षभर घरी बसली.

मग दोन हजार साली बेगमपेठेतल्या एका कंपनीनं चार भाषांत बातम्यांची वेबसाइट काढली. अमेरिकेत गेलेली आपली मुलं ती वाचतील, असा हिशेब होता. मराठी विभागाचा प्रमुख अभिजीत पुण्याहून आलेला, रेणुकाहून बराच लहान. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "सर, अंक कधी बंद होतो?"

"कुठला अंक?"

"म्हणजे शेवटची बातमी कधीपर्यंत घ्यायची?"

"रेणुकाताई, शेवटची अशी बातमीच नसते इथे. आली की टाकायची."

रेणुकाला वाटलं, थट्टा करतोय. ती हसली. तो हसला नाही.

बातमी टाकायची, पण कुठे, हे तिला नीट कळलंच नाही. बटण दाबलं की लिहिलेलं पडद्यावर दिसायचं. ऑफिसातल्या एका पोरीच्या घरच्या कॉम्प्युटरवर मात्र तेच चौकोन-चौकोन दिसायचे, कारण तिथे मराठी अक्षरांचा फॉन्ट नव्हता. "म्हणजे बातमी आहे का नाही?" रेणुकानं विचारलं. "आहे, पण तिला दिसत नाहीये," अभिजीत म्हणाला. रेणुकानं मान डोलावली, पण ते उत्तर तिच्या डोक्यात काही बसेना.

त्या ऑगस्टात हैदराबादेत एवढं पाणी आलं की रस्त्यांवर नावा फिरल्या. अंबरपेठेकडच्या खालच्या वस्त्या बुडाल्या. टेलिफोन मेले. पोलिसांकडून मेलेल्यांची नावं येत होती, त्यात एक होतं: केशवराव, वय सत्तरच्या आसपास, अंबरपेठ.

"यातलं आपलं कोणी आहे का?" अभिजीतनं विचारलं. "अमेरिकेतली माणसं तेच शोधत असतील."

रेणुकाचा हात थांबला. "एक केशवराव सर आहेत अंबरपेठेत. मला पाचवीत मराठी शिकवलेले. पण सर, हे नाव तेलुगू लोकांतही असतंय. विचारून घेते."

तिनं फोन उचलला. लाइन बंद. दुसरा लावला, तोही बंद. साप्ताहिकात असती तर छत्री घेऊन निघाली असती. अंक निघायला अजून दिवस असते. इथे ती वळून बघते तोवर पडद्यावर ओळी आल्या होत्या. अभिजीतनं त्यांत 'निवृत्त मराठी शिक्षक' घातलं होतं आणि वर आणखी काही चांगलं लिहिलं होतं.

संध्याकाळी ऑफिसचा ड्रायव्हर पाण्यातून वाट काढत आला. अंबरपेठेचाच होता. रेणुकानं विचारलं तर म्हणाला, "वो मराठी मास्टर? छत पे बैठे हैं अम्मा, चाय पी रहे हैं. मरे सो दूसरे केशवराव हैं."

रेणुका धावत अभिजीतकडे गेली. त्यानं ऐकलं, चेहरा उतरला, आणि दोन बटणं दाबली. पडद्यावरची बातमी पुसली गेली.

"आता दुरुस्ती लिहू का?" रेणुकानं विचारलं.

"कशाची?"

"चुकीची."

"पण चूक आता कुठे आहे? बघा ना. नाहीच आहे. नसलेल्या चुकीची दुरुस्ती कशी करणार?"

रेणुकानं पडदा पाहिला. खरंच काही नव्हतं. आपणच घाबरून काहीतरी पाहिलं की काय, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

पाणी ओसरल्यावर एका संध्याकाळी उशिरा एक तरुण ऑफिसात आला. डोळे लाल, पायात चिखलानं माखलेले बूट. "मी अनिकेत. केशवराव सरांचा मुलगा," तो म्हणाला. न्यू जर्सीत त्यानं ती बातमी वाचली होती. घरचा फोन लागत नव्हता. मिळेल त्या विमानानं तो निघाला, आणि अंबरपेठेत पोचला तर वडील अंगणातला गाळ उपसत होते.

"भांडायला नाही आलो," तो म्हणाला. "बाबा आहेत, बस झालं. पण ऐन कामात न सांगता निघालो. माझ्या साहेबाला वाटतंय, मी खोटं बोललो. तिकडे आमच्या ऑफिसात विवेक म्हणून एक मराठी मुलगा आहे, त्याच्याकडून त्यानं तुमची साइट वाचून घेतली. विवेक म्हणाला, अशी बातमीच नाही. तुम्ही फक्त एवढं सांगा, की होती."

अभिजीतनं खुर्ची मागे सरकवली. "तुमची अडचण कळते मला. पण आमच्याकडे खरंच तशी बातमी नाहीये. तुम्हीच बघा." त्यानं पडदा त्याच्याकडे वळवला.

अनिकेत पडद्याकडे बघत राहिला. "मी वाचली हो," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "वाचली ना मी?"

तो त्याचा आवाज रेणुकाला सहन झाला नाही. तो जिना उतरला तशी तीही पर्स घेऊन खाली आली. "चला. काय नंबर आहे तुमच्या साहेबाचा?"

कोपऱ्यावरच्या एसटीडी-आयएसडी बूथमधून अनिकेतनं फोन लावला आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला. रेणुकाचं इंग्रजी शाळेतलं होतं, तेही घाबरलं की पळून जायचं. ती म्हणाली, "सर, मी याच्या वडिलांना मारलं. कॉम्प्युटरवर."

पलीकडून फक्त "व्हॉट?" आलं.

"मग ते जिवंत निघाले. मग आम्ही त्यांचं मरण पुसलं. मुलगा खोटं नाही बोलत. बातमी होती. आता नाही. पण होती."

साहेबानं बराच वेळ काही विचारलं. तिला अर्धंच समजलं. शेवटी तो हसला की खोकला, तेही कळलं नाही. अनिकेतनं रिसीव्हर घेतला, हो-हो म्हणाला, ठेवला. "सोमवारी ये म्हणतोय. पटलं का नाही, देव जाणे. पण नोकरी आहे."

दुसऱ्या दिवशी रेणुकानं अभिजीतला सगळं सांगून टाकलं. त्याला राग आला, पण टिकला नाही. "तुम्ही चुकलात का मी चुकलो, मला खरंच माहीत नाही," तो म्हणाला. "पेपरात तुमचे नियम होते. इथे ते अजून कुणी केलेच नाहीयेत. मला तरी कोण सांगणार?" तोही आपल्यासारखाच चाचपडतोय, हे तिला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

रविवारी ती अंबरपेठेला सरांच्या पाया पडायला गेली. पुस्तकं उन्हात वाळत पडली होती. सर खुर्चीत बसले होते. रागावतील म्हणून ती तयार होऊन आलेली, पण त्यांच्या डोळ्यांत कुतूहल होतं.

"ये, बस. मला एक सांग पोरी. काय लिहिलं होतंस तू माझ्याबद्दल?"

"सर, निवृत्त मराठी शिक्षक, असं…"

"ते ठीक. पुढं? अनिकेत म्हणतो, काही चांगलं होतं. पण तो वय वाचूनच रडाय लागला, पुढचं त्याला आठवेना. विद्यार्थ्यांबद्दल काही होतं का?"

रेणुकानं आठवून पाहिलं. अभिजीतनं काहीतरी घातलं होतं खरं. 'विद्यार्थिप्रिय' होतं का? की 'आदरणीय'? की ते दुसऱ्याच कुणाच्या बातमीत होतं? नेमके शब्द काय होते, ते येण्याआधी तिनं अभिजीतलाही विचारलं होतं. त्यालाही आठवत नव्हतं.

"सर, मला नाही आठवायलं," ती म्हणाली.

"कुठं ठेवलेलं नसंल का?"

"माहीत नाही. असंल कुठंतरी. मला त्यातलं काही कळत नाही."

"बघ की, माणूस गेल्यावर लोक काय म्हणतात ते ऐकायची संधी कुणाला मिळते? मला मिळाली होती," ते म्हणाले, आणि आत वळून थोरल्या सुनेला चहा टाकायला सांगितलं.

पुढच्या वर्षी वेबसाइटच बंद पडली. रेणुका एका टीव्ही चॅनेलच्या मराठी डेस्कवर गेली. तिथे तिच्या ओळी पडद्याच्या तळातून सरकत जातात आणि तिचं वाचून होईपर्यंत निघून जातात.