श्रेयाचा गुडघा

मेघा साळवेच्या पोरीचा गुडघा दिवाळीनंतर दुखायला लागला. पोरगी म्हणजे श्रेया, सातवीतली, लहानपणापासूनच अंगानं भरलेली. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि उजवा गुडघा धरून आईच्या शिलाई मशीनजवळ बसून राहायची.

मेघा वाळूजजवळच्या रांजणगावात घरीच ब्लाऊज शिवायची. नवरा राजकुमार वाळूजच्याच एका कंपनीत प्रेस मशीनवर होता. त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. त्यामुळं शाळा, दवाखाना, औषधपाणी सगळं मेघाच्याच गळ्यात.

गल्लीतल्या डॉक्टरांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी श्रेयाला वजनकाट्यावर उभं केलं.

"ताई, एवढं वजन गुडघ्यांनी पेलायचं तरी कुठवर? कमी करा," ते म्हणाले आणि गोळी लिहायला लागले.

"लहान लेकराचीच गोळी ना, डॉक्टर?"

"वजन मोठ्या माणसाचं आहे, गोळी मोठ्या माणसाचीच लागणार."

ते हसले, कंपाउंडरही हसला.

गोळी घेतली की दुखणं दबायचं, आणि तिथंच घोळ झाला. सकाळी गोळी घेऊन गेलेली पोरगी शाळेत बरी चालायची आणि दुपारी पीटीच्या तासाला लंगडायची. पीटीचे सर मेघाला म्हणाले, "मॅडम, हिचा गुडघा ग्राउंड बघूनच दुखतो."

त्यातच सोयगावहून सासूबाई, कडूबाई, आल्या. त्यांनी नातीकडं एकदा वरून खालपर्यंत बघितलं. "लहानपणी जरा अंग गरम झालं की औषध पाजायची तू. त्या औषधानंच फुगली ही. आमी राजकुमारला कधी गोळी दाखिवली नाय."

"आत्या, ताप चढल्यावर काय करायचं होतं मग?"

"मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवायच्या."

पुढच्या डॉक्टरांना मेघानं तेही विचारून घेतलं. हे शहरातले मोठे डॉक्टर होते. ते म्हणाले, तापाच्या औषधानं कुणी जाड होतं असं काही ठामपणे सांगता येत नाही. त्यांनी गुडघ्याचा एक्स-रे काढायला लावला. त्यात काहीच निघालं नाही. "गुडघा ठणठणीत आहे. वजनावर काम करा. दुखलं तर गोळी चालू ठेवा."

मेघानं वजनावर काम केलं. श्रेयाच्या ताटातला भात बंद, बिस्किटं बंद. सकाळी तिला उठवायची, काहीतरी खायला घालून गोळी द्यायची आणि मोकळ्या मैदानावर फेऱ्या मारायला न्यायची. श्रेया उजवं पाऊल बाहेर फेकत चालायची.

"नीट चाल ना गं. बदकासारखी काय चालतेस?"

"मम्मी, पाय सरळ पडतच नाय."

"पाडला की पडतो!"

महिन्याभरानं वजन केलं तर काटा उलट वर सरकलेला. फेऱ्यांनंतर पोरगी दिवसभर पडूनच असायची, ते कमी कसं होणार? मेघानं शिवायला घेतलेला ब्लाऊज भिंतीवर फेकून मारला. राजकुमार म्हणाला, "तू चोरून खायला देतेस का तिला?" त्या दिवशी त्या दोघांत जे भांडण झालं, ते शेजारच्या मालनबाईंनी मधे पडून मिटवलं.

फेब्रुवारीत श्रेया बाथरूमच्या उंबऱ्यात अडखळली. पडली म्हणावं असंही नाही, नुसता पाय सरकला. पण ती अशी किंचाळली की मालनबाई धावत आल्या. पोरीला उभंच राहता येईना. रिक्षात घालून मेघानं तिला सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला खाटेवर आडवं केलं. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, तर श्रेया गप्प. मांडी जराशी आत वळवायला गेल्या, तर श्रेयानं आईचा हात चावायचाच बाकी ठेवला.

"पाऊल असं बाहेर कधीपासून पडतंय?"

"दिवाळीपासून," मेघा म्हणाली.

"खुब्याचा एक्स-रे कुठंय?"

"खुब्याचा कशाला? दुखतोय गुडघा."

बाईंनी मान हलवली आणि खुब्याचा एक्स-रे काढायला पाठवलं. मग तो उजेडात धरून दाखवला. मांडीच्या हाडावरचा गोळा आपल्या जागेवरून घसरलेला होता. वाढीच्या वयात होतं असं, त्या म्हणाल्या. वजन जास्त असलं की त्या जागेवर ताण जास्त येतो. पण दुखणं खुब्यातलं असूनही कळ गुडघ्यात येते, म्हणून गफलत होते. गोळीनं कळ दबायची, पोरगी चालायची, आणि चालताना गोळा आणखी घसरत जायचा.

"म्हणजे फेऱ्या..." मेघानं एक्स-रेकडं बघत विचारलं.

"तुम्हाला सांगितलं तसं तुम्ही केलंत," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन झालं, खुब्यात स्क्रू बसला. कुबड्यांवर काही आठवडे काढायचे, पाय टेकवायचा नाही. उजवा पाय किंचित आखूड राहील, लंगडणं थोडंफार उरेल, हेही सांगून झालं.

श्रेया घरी आल्यावर मेघा तो एक्स-रे घेऊन गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेली. वाटेत तिनं काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि सहज म्हणाले, "बघा, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. वजनामुळंच हे."

"तुम्ही तिच्या खुब्याला हात तरी लावला का? वजन बघितलं आन् माझी पोर बघायचीच राहून गेली!"

"आवाज वाढवू नका, पेशंट बसलेत बाहेर."

कंपाउंडरनं पुढच्याचं नाव पुकारलं. मेघा बाहेर आली. जुळवून ठेवलेलं बाकी सगळं आतच राहिलं होतं. परत जाऊन ऐकवावं असं एकदा वाटलं, पण ऐकणार कोण?

आता श्रेया कुबड्या सोडून चालते. जरा झुकत्या चालीनं शाळेत जाते. भेटायला येणारा प्रत्येक जण "आता तरी वजन कमी कर बाई" म्हणतोच. मेघा अशांना आता चहा विचारत नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, अशा मुलांचा दुसरा खुबाही घसरू शकतो, डाव्या पायावर लक्ष ठेवा. त्यामुळं मेघाची नजर पोरीच्या पावलांवरून हलतच नाही.

"डावा दुखतो का गं? खरं सांग. गुडघ्यात? मांडीत?"

"नाय दुखत."

"माझ्यापासून लपवू नको हां."

"मम्मी, दुखत होतं तवा कुणी मानलं नाय," श्रेया वैतागून म्हणाली, "आन् आता दुखत नाय म्हणते तर तेबी मानत नाय तू."

मेघानं पोरीला दारापर्यंत चालत जाऊन परत यायला लावलं.