श्वास घेणारं कापड

आमच्या प्रयोगशाळेत तिला सगळे वाटीताई म्हणतात. बावीस वर्षं तिचं एकच काम: वाटीत पाणी घालायचं, तोंडावर कापड ताणून कडा मेणाने बंद करायच्या, वजन करायचं आणि उद्या पुन्हा करायचं. जेवढं पाणी उडालं, तेवढं कापड श्वास घेतं. एवढ्याचा पगार मिळतो, यावर तिच्या शेजारणींचा अजून विश्वास बसत नाही.

बुलेटप्रूफ जॅकेटचं बाहेरचं कापडही तिच्याच हातून पास झालेलं. तिचा धाकटा भाऊ बँकेच्या दारावर पहारा देतो, त्याच कापडाचं जॅकेट घालून. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं. अजून दोघं एकत्रच राहतात. तो म्हणायचा, “ताई, तुझं कापड एक नंबर. घाम म्हणून येत नाही!” हे ती आम्हाला आठवड्यातून दोनदा ऐकवायची. आम्हीही माना डोलवायचो. आमचं काय जात होतं?

एका सुट्टीच्या दिवशी तिने ते जॅकेट धुवायला उचललं, तर अगदीच हलकं. आतला गोळी अडवणारा जाड थर गायब.

“बँकेतल्या कपाटात आहे,” भाऊ म्हणाला. “सगळ्यांचेच तिथे आहेत. त्याने जीव गुदमरतो गं.”

“आणि गोळी लागली तर काय गुदगुल्या होतात?”

दुसऱ्या दिवशी तिने वाटीवर कापडाखाली तसलाच थर बसवला. तो ओलाव्याने खराब होतो, म्हणून प्लास्टिकमध्ये सीलबंद असतो. चोवीस तासांत वाटीतलं पाणी जागचं हललं नाही. ती तडक साहेबांकडे गेली.

“कापड आपलं, थर शेजारच्या खात्याचा,” साहेब म्हणाले. “ते गोळी झाडून बघतात, आपण वाटी ठेवून. दोन्ही पास. मग अडलं कुठे?”

साहेबांचं कधीच कुठे अडत नाही.

घरी तिने भावाला पुन्हा फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी तो बँकेतून आपला थर घेऊन आला आणि म्हणाला, “उद्या माझी सुट्टी आहे. दिवसभर तू घाल. मग बोल.”

वाटीताई हट्टाची. थरासकट जॅकेट घालून कामावर आली. अकरापर्यंत आम्हाला दटावत होती, बाराला गप्प झाली. एकला तिला भोवळ आली, आणि आम्ही काही म्हणायच्या आत तिने स्वतःच तो थर ओढून काढला.

संध्याकाळी भावाने एवढंच विचारलं, “किती वाजेपर्यंत?”

“एक,” म्हणताना तिला रडू फुटलं.

सकाळी तो रिकामं जॅकेट घालून निघाला. ती दारापर्यंत गेली आणि छातीवरचा पट्टा नीट बसलाय ना, ते दोनदा बघून आली.