शिक्का नसलेलं हेड

एका साहेबाने मला भर मोटारखान्यात चोर म्हटलं. का, तर मी दरबारच्या गाडीत चांगला माल बसवला म्हणून. आज इतकी वर्षं झाली, तरी आठवलं की माझं पित्त खवळतं.

तेव्हा संस्थान विलीन होऊन ग्वाल्हेर आणि इंदूर मिळून एक राज्य झालं होतं. मी ग्वाल्हेर दरबारच्या मोटारखान्यात मिस्त्री. मोटारी नव्या सरकारकडे जाणार होत्या, आणि आमच्यापैकी साहेब ज्यांना पसंत करतील तेवढेच त्यांच्याबरोबर. बाकीच्यांनी घरी बसायचं. दौलतगंजात आमची भाड्याची एक खोली, बायकोला दिवस गेलेले. आमच्या घराण्यात पूर्वीपासून फौजेची चाकरी, पगाराशिवाय दुसरं काही कुणी पाहिलेलंच नाही. मी घाबरलो नव्हतो असं म्हणणार नाही. चांगलाच घाबरलो होतो.

भांडण झालं ते एका काळ्या अमेरिकन गाडीवरून. तिच्या इंजिनाच्या हेडला दोन सिलिंडरांच्या मधोमध चीर गेली होती. हेड म्हणजे इंजिनावरचं झाकण, पण त्याला नुसतं झाकण म्हणणाऱ्याला मी दारात उभा करणार नाही. त्याच्याखाली पेट्रोल जळतं आणि त्याच्या पोटातून पाणी फिरतं. चिरेतून ते पाणी सिलिंडरात उतरायचं, आणि किल्ल्याचा चढ लागला की गाडी अर्ध्यावर वाफ सोडत उभी.

जर्मनीच्या लढाईत नवीन हेड मिळणं शक्यच नव्हतं. लढाई संपल्यावर मुरारच्या एका कबाड्याकडे फौजेची मोडकी इंजिनं येऊन पडली. गाडीचं जुनं गॅस्केट, म्हणजे हेडखालचा भोकाभोकांचा पातळ पत्रा, खांद्याला अडकवून मी तिथे गेलो. दिसेल त्या हेडवर ते ठेवून पाहायचं. कुठे बोल्टची भोकं जुळत, तर पाण्याची चुकत. शेवटी एकावर सगळी बरोबर बसली. वरचा ओतीव नंबर मात्र वेगळा होता. मी ते उलटं करून पाहिलं आणि मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! त्याच कंपनीच्या पुढच्या सालातलं हेड होतं ते, खळगे उथळ. दोन्ही हेडांच्या खळग्यांत रॉकेल ओतून मोजलं, तर यात कमी मावलं. म्हणजे पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाणार आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये जोर वाढणार. कबाड्याच्या ट्रकचं काम करून दिलं आणि मोबदल्यात हेड उचललं.

आता भीती एकच, वर उठणारा व्हॉल्व्ह त्या उथळ खळग्याला टेकला तर? बायकोच्या परातीतून कणीक घेतली, व्हॉल्व्हवर चिकटवली, हेड बसवलं, इंजिन हाताने फिरवलं आणि पुन्हा उघडलं. कणीक दबली होती, पण फाटली नव्हती. जागा होती. इकडे बायको शेजारणींना सांगत सुटली की आमचे हे पोळ्यांची कणीक मोटारीला खाऊ घालतात. पण गाडी किल्ला चढली की नाही? चढली, आणि वाफेचा टिपूससुद्धा नाही. वर पोचल्यावर मी तिला मिठीच मारणार होतो, पण ड्रायव्हर बघत होता.

आणि मग सामानाची मोजदाद करायला नव्या सरकारचे हे साहेब आले. मोटारखान्यात प्रत्येक सुट्या भागावर दरबारचा शिक्का ठोकायची रीत होती. साहेबांनी हेडवर बोट फिरवलं, शिक्का नाही. झालं! अस्सल माल विकून मी कबाड बसवलं म्हणे. मी चिरलेलं हेड आणून दाखवलं, त्यावर शिक्का होता. चीर दाखवली, खळगे दाखवले, गाडी चालवून दाखवतो म्हटलं. त्यांचं शिक्क्यावरच अडलेलं, "मुझे मुहर दिखाओ."

आमचे कारकून म्हातारे होते आणि माझ्यावर त्यांची माया होती. त्यांनी मला बाजूला घेतलं. शिक्क्याचा ठसा अजून खणात पडलाय, साहेब जेवायला गेले की एक घाव घाल, घरी बायको आहे तुझ्या, म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दरबारच उरला नाही, तर शिक्का कुणाचा ठोकू? आणि चांगलं काम केलं ते पटवायला खोटेपणा मी करू?

साहेब परत आल्यावर मी सरळ म्हटलं, शिक्का नाही म्हणजे हे हेड दरबारचं नाही. मग माझं झालं. त्यांच्यादेखत बोल्ट काढले, चिरलेलं हेड शिक्का वर दिसेल असं बसवून दिलं आणि माझं सायकलला बांधून घरी आणून खाटेखाली ठेवलं. पुढे ती गाडी माणसांनी ढकलत शेडात नेली.

आणि काय आश्चर्य, नेमणुकीचा हुकूम आला. माझं नाव पसंत! शेरा असा की सामान पूर्ण, माणूस विश्वासू. कारकून पेढे घेऊन आले. मी पेढा परत पुड्यात ठेवला. तडक साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो.

"गाडी चालती केली तेव्हा मी चोर होतो. बंद पाडून दिली तर विश्वासू झालो. तुमचा हुकूम ठेवा तुमच्याजवळ."

साहेबांनी मला वेड लागलंय असं चपराशाला सांगितलं. मी पाटणकर बाजारातून पायी घरी आलो. मान खाली घातली नाही.

बायको आधी भांडली. पोटात लेकरू आहे आणि यांना अक्कल सुचली, म्हणाली. मग रडली. मी खाटेवर बसलो होतो. ती खोटं थोडंच बोलत होती? रडणं आवरल्यावर तिने पदराने नाक पुसलं आणि खाटेखाली वाकून पाहिलं.

"हे तर आपलं आहे ना?"

"आपलं."

"मग बसून काय राहिलात? याच्याखाली घालायला इंजिन शोधा."