कपाटाला वाढलेलं पान

काही प्रकरणं फाइल बंद झाली तरी डोक्यातून जात नाहीत. ही तसबीरचोरी त्यातलीच. मी तेव्हा पश्चिम सिडनीच्या एका ठाण्यात डिटेक्टिव्ह होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही.

गिरावीन या उपनगरातल्या एका मराठी घरातून जुनी तसबीर गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढलेला, हाताने रंग भरलेला एका सावकार घराण्याचा फोटो. पगड्या, नथी, पायाखाली गालिचा आणि मधल्या खुर्चीत जगाचे धनी असल्यासारखे बसलेले खापरपणजोबा. तक्रार धाकट्या सुनेची. दार फोडलेलं नव्हतं, दागिने जागेवर होते. अशा वेळी चोर घरातलाच असतो, हे सांगायला वर्दी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. मराठी बाई होती. "थोरल्या जावेला विचारा. स्पेअर की तिच्याकडे असते. त्यांच्या सासूबाईंनी जाण्यापूर्वी तसबीर धाकटीला दिली, तेव्हापासून जळतेय ती."

थोरली शेजारच्याच रस्त्यावर राहायची. चाइल्डकेअरमध्ये कामाला होती. चोरीचा गुन्हा लागला तर नोकरी जाणार हे ती जाणून होती. पितृपंधरवडा चालू होता. मागच्या कुंपणावर ठेवलेला कावळ्याचा घास इथले काळे-पांढरे मॅगपाय पक्षी खात होते. बोलायची सक्ती नाही, बोलाल ते नोंदलं जाईल, हे मी नियमाप्रमाणे सांगितलं.

"नो वरीज, विचारा ना," ती म्हणाली. "धाकटीचं घर डबल स्टोरी आहे, मोठा हॉल आहे. तसबीर तिथेच शोभते असं आईच म्हणाल्या. मी कशाला घेऊ?"

अर्धा तास हेच. खोटं बोलणारी माणसं एरवी फार बोलतात, ही मोजकंच बोलत होती. मी हात हलवत परत निघालो, आणि पॅसेजकडे नजर गेली. कपड्यांच्या बंद कपाटासमोर पाट, उदबत्ती आणि पूर्ण वाढलेलं पान. खीर, वडे, आमसुलाची चटणी.

"वहिनी, कपाटाला कधीपासून जेवायला वाढता?"

तिने स्वतःच कपाट उघडलं. कपाटात चादरींमागे तसबीर होती. काचेवर प्रत्येक कपाळाला ताजं गंध.

"लपवली खरी, पण आज यातल्या खापरपणजोबांची तिथ," ती म्हणाली. "उपाशी कसं ठेवू? चौदा वर्षं आईंचं सगळं मी केलं, आणि तसबीर तिच्या हॉलमध्ये, कुशन्सना मॅचिंग म्हणून. मला बघवत नव्हतं."

धाकटीला बोलावून घेतलं. पान बघून ती थोरलीला म्हणाली, "ताई, आईंना खीर तुझ्याच हातची लागायची. माझी वाटी बाजूला सारायच्या. म्हणून तसबीर मागून घेतली मी. एक तरी गोष्ट माझ्याकडे असावी."

तक्रार मागे घेत असल्याचं तिने लिहून दिलं. पान आवरेपर्यंत थांबली. तसबीर मात्र घेऊनच गेली.

खरं सांगतो, ते कपाट उघडलं तेव्हा मीही जळलो. असल्या घरांत आमच्या पूर्वजांना उंबऱ्याबाहेर उभं करत. त्यांचे चेहरे कसे होते, आमच्यात कुणालाच ठाऊक नाही. या दोघी ज्यासाठी भांडत होत्या, ते मला भांडायलाही नव्हतं. तेव्हापासून संशयिताचा हेतू शोधताना मी आधी स्वतःत डोकावत आलो.

निवृत्त झाल्यावर मी सगळ्या घराला बसवून फोटो काढून घेतला. मधल्या खुर्चीत मी. फोटोग्राफरने विचारलं, किती प्रती? मला सुना दोन. मी दोन सांगितल्या, एकाच मापाच्या, एकाच फ्रेमच्या.