रिकामे डबे

तुर्कस्तानातलं आमचं तोकात गाव सगळं शोधलं, तरी माझ्या धाकट्या जावेसारखी बाई मिळायची नाही. न मिळालेलीच बरी! मशिदीच्या छपरासाठी बायकांनी खाऊजत्रा भरवली, तर या मुकद्देरने दोन दिवस खपून द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळून तीनशे सारमा वळल्या. कंबर धरून म्हणाली, "उद्या सहलीला मी काही करणार नाही. नुसती बसणार."

रविवारी नदीकाठी चादर अंथरली. तिन्ही नणंदांनी डबे उघडले. तिघींच्याही डब्यात मुकद्देरच्याच सारमा, जत्रेतून विकत आणलेल्या!

सासूबाईंनी एक तोंडात टाकली. "मीठ कमी आहे गं. कोणी केल्यात?"

मी तोंड उघडणार, तोच ही म्हणते, "खरंय आई, कमीच पडलंय."

संध्याकाळी नणंदांनी रिकामे डबे हिच्याच गळ्यात मारले. "वहिनी, तेवढे धुवून दे हं."

सोमवारी सकाळी बघते, तर बाई पुन्हा पानं उकळतेय.

"अगं, आता कोणासाठी?"

"डबे परत द्यायचेत ना. रिकामे कसे देऊ?"

"मग मीठ घाल," मी म्हटलं. "मूठभर घाल!"