शनिवार पेठेतल्या वाय-फायचा गुन्हेगार

ती घटना आठवली की मला आजही एकट्याला हसू फुटतं आणि घरचे विचारतात, "आता काय झालं?"

आमच्या पोलीस चौकीसमोरच्या खांबावर वाय-फायचा पांढरा डबा बसवला होता. रोज संध्याकाळी तो थोडा वेळ मरायचा आणि आपोआप जिवंत व्हायचा. शेजारचे अण्णा, निवृत्त पण अत्यंत कार्यरत, खबर घेऊन आले.

"साहेब, ती दुरुस्तीवाली बाईच डबा बंद करते. शिडी टेकवली की लगेच चालू! नोकरी टिकवायची युक्ती."

"पुरावा?"

"तो शोधायला सरकारनं आपल्याला ठेवलंय ना?"

तिचा कंत्राटदार तर तयारच होता. पोलिसांनी बोट दाखवलं की बाईला घरी बसवणार.

मी तिला संध्याकाळी चौकशीला बोलावलं. चंद्रपूरकडची, चाळिशीची. खोटं बोलणारा आधी पाणी मागतो, असा माझा अनुभव. हिनं चहा मागितला.

"डब्याला विजेची वायरच दिसत नाही. चालतो कशावर?"

"इंटरनेटच्याच केबलीतून वीज वर जाते जी. खाली अडॅप्टर असते, ते केबलीत वीज सोडते. वर येगळी लाइन लागत नाही."

"मग बंद कोण करतं? तुम्हीच ना?"

"मी काहून करीन जी? माही दोन लेकरं शिकून राह्यली इथं!"

तेवढ्यात अण्णा दारात धडकले. "गेला! आत्ता गेला!" मग त्यांची नजर बाईंच्या हातातल्या कपावर पडली आणि अण्णांनी उंबऱ्यातलं पाऊल मागे घेतलं. आरोपी माझ्यासमोर चहा पीत होती आणि बाहेर गुन्हा घडत होता!

"ते अडॅप्टर कुठं असतं?" मी विचारलं.

"तुमच्याच चौकीत जी, त्या कपाटामागं. मी पाहाले येतो तवा लावलेलंच असते."

कपाटामागून घंटी वाजली. वाकून पाहतो तर आमचे हवालदार नाना, डोळे मिटून, गणपतीच्या तसबिरीपुढे. तसबिरीभोवती रंगीत दिव्यांची माळ. माळेचा प्लग भिंतीतल्या एकुलत्या सॉकेटमध्ये, आणि खाली काळं अडॅप्टर अनाथासारखं लोंबकळतंय.

"नाना, हे काय?"

"आरतीपुरतं काढतो साहेब. झाली की आहे तसं लावतो. रोजचा नेम आहे!" नाना अभिमानानं म्हणाले. आणि नाना एकही आरती गाळत नसत.

बाई एवढ्या हसल्या की चहा बशीत सांडला. मी तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला.

"चौकशी पूर्ण. बाई निर्दोष. कामावर ठेवा."

"मग आरोपी कोण, साहेब?"

नानांनी प्रसादाचा पहिला पेढा बाईंच्या हातावर ठेवला होता. दुसरा माझ्यापुढे आला.

"तपास चालू आहे," मी तोंडात पेढा ठेवून म्हणालो.

या प्रकरणानं मला एक शिकवलं. संशयिताला समोर बसवून ठेवावं. गुन्हा पुन्हा घडला तर आरोपी दुसरा आहे. आणि तो चौकीतच सापडला, तर आधी दार लावून घ्यावं.