वाळलेली अकरा झाडं

नार्नूरजवळच्या गंगूमावशीचं नाव आधी लिहितो. ती नसती तर मी अकरा जिवंत झाडं कागदावर मारून, वर शाबासकी घेऊन घरी आलो असतो.

मी देवगडचा. आठवीत शाळा सुटली. म्हणजे मीच सोडली. रस्त्यांच्या मोजणीवर टेप धरतो. या खेपेला आदिलाबाद. स्टेशनावर एक जण तेलुगूत, दुसरा उर्दूत, तिसरा चक्क मराठीत सांगत होता, की बस पलीकडून सुटते. तरी मी अलीकडेच उभा राहिलो. बस गेली.

दुसऱ्या दिवशी नार्नूरला पोचलो. रस्ता रुंद करायचा होता. डावीकडे मोहाची रांग, उजवीकडे खडक. कुठल्या बाजूला नुकसान कमी, हे साहेब तक्त्यावरून ठरवणार, आणि झाडांचा तक्ता माझ्याकडे. एवढी जबाबदारी घरी मला शेळीचीही कोणी दिली नव्हती. मार्च महिना, झाडांवर पान नाही. आमच्याकडे आंबा, नारळ बारमाही हिरवे. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा मी एकेका बुंध्यावर हात ठेवला, लाल फुली मारली आणि लिहिलं, वाळलेलं. वाळलेल्या झाडाचं नुकसान शून्य.

अकराव्या फुलीला मागून आवाज आला, "काऊन रे बाबू, काय झालं झाडाले?"

मेलंय, मी सांगितलं. कापसाच्या शेतातून परतणारी ती गंगूमावशी हसलीसुद्धा नाही.

"उद्या उजाडता ये. मेलेलं झाड काय करते ते पाय."

उजाडता गेलो तर वरून फुलं टपटपत होती आणि बायका मोहफुलं वेचायच्या टोपल्या घेऊन वाकलेल्या. फुलायच्या आधी मोह पानं टाकतो, हे तिथल्या शेळ्यांनाही ठाऊक. दहा झाडं मावशीच्या घरानं राखलेली. अकरावं नणंदेला लग्नात दिलेलं. त्याखालचं फूल दुसरं कोणी उचलत नाही. तक्त्यात यासाठी रकाना नव्हता. 'वाळलेलं' खोडलं आणि हे सगळं शेऱ्यात कोंबलं. मावशीनं भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. साहेब यायचे होते, आणि फुल्या पुसल्या जात नव्हत्या.

साहेबांनी विचारलं, "झाडं जिवंत, मग या फुल्या कशाच्या?" मी घरी जायच्या गाड्या आठवू लागलो.

मावशीच पुढे झाली. "चुकलं लेकरू. आमी दाखवलं, मंग नीट लिवलं त्यानं. तुमी वाचा ना, साहेब."

साहेबांनी शेरा दोनदा वाचला. अक्षरामुळेही असेल. मग खडक फोडायचा हिशेब पुन्हा मांडायला सांगितला, आणि मला तक्त्यात नवा रकाना आखायला.

निघालो तेव्हा बसमधून पाहिलं, माझ्या फुल्यांवर कुणी शेणाचा हात फिरवला होता. रस्ता कुठल्या बाजूनं जाणार, मला अजून कळलेलं नाही. झाडं राहिली, तर एका मार्चात रजा काढून येईन, मावशी. वाकून वाकून तुझी कंबर दुखते. दहा झाडांखालची फुलं मी वेचून देईन. अकरावं नणंदेचं आहे, त्याला हात लावणार नाही.